शहात्तर ते नव्वद

सतरा किलोची कुठलीही वस्तू घरात आली की ती ठेवायची कुठे हा प्रश्न आधी येतो आणि आणली कशाला हा नंतर. आमच्याकडे दोन्ही एकदम आले, दारातच. मला उत्तर देता येईना, कारण दम लागला होता.

"हे काय आहे?" बायकोनं विचारलं.

"रिसीव्हर."

आतून आई म्हणाली, "कुणाचा फोन आहे?"

दोष आईचा नाही. शब्दच घातकी आहे. तिच्या पिढीला रिसीव्हर म्हणजे फोनचा, कानाला लावायचा. मी ज्या बँकेत एकतीस वर्षं काढली तिथे रिसीव्हर म्हणजे बुडीत मालमत्तेवर कोर्ट नेमतं तो गृहस्थ. स्टिरिओवाल्यांच्या दुनियेत मात्र रेडिओ पकडणारा ट्यूनर, आवाजाला वळण लावणारा प्री-अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर हलवणारा पॉवर अ‍ॅम्प्लिफायर असे तिघे एका पेटीत नांदत असले की त्या एकत्र कुटुंबाला रिसीव्हर म्हणतात. पुढे असे दिवस आले की बँकेतला अर्थच जास्त लागू पडला असता.

मुळात हे खूळ डोक्यात शिरलं १९७९ साली, सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात. आमच्या घरी मर्फीचा रेडिओ होता. त्याला आईनं विणलेलं क्रोशाचं झाकण होतं आणि ते फक्त बातम्या आणि कसोटी सामने यांसाठी वर व्हायचं. वरच्या मजल्यावर एक काका राहत. त्यांचे जावई कुवेतला होते. त्या वर्षी जावई दिवाळीला आले ते एक खोकं घेऊन. खोक्यातून निघाला रिसीव्हर. चंदेरी तोंड, बाजूंना लाकूड, आणि मधोमध हातभर लांबीची काच. काका आधी खोलीतली ट्यूबलाइट बंद करत. मग खटका दाबत. काच निळी उजळायची, पण आवाज नाही. एक, दोन, तीन मोजावेत, आतून 'टक' असा आवाज यावा, आणि मग खोलीभर लता. आम्ही पोरं उंबऱ्यावर. आत यायला मनाई, हात लावण्याचा तर प्रश्नच नाही.

एकदाच लावला. काका अंघोळीला गेले होते. स्टेशन बदलायचं ते मोठं बटण मी दोन बोटांनी नुसतं ढकललं, आणि काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत एखाद्या लांब श्वासासारखा सरकत गेला. बटणामागे वजनदार चाक असतं, एकदा गती दिली की ते आपणहून फिरत राहतं, हे मला पुढे तीसेक वर्षांनी कळलं. त्या दिवशी एवढंच कळलं, की काटा सरकताना आवाज होत नसला तरी गेलेलं स्टेशन मोरीत ऐकू येतं.

२०१७ साली, निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना, मी घरात जाहीर केलं की आता आपल्याला चांगला आवाज हवा. काचेचं कुणापुढे बोललो नाही. पंचावन्न वर्षांच्या माणसानं निळा दिवा हवा म्हणून पैसे मागितले तर बायको डॉक्टरकडे नेते.

पुढचे आठ महिने अभ्यास. माझा एक स्नेही या विषयातला जाणकार. त्याचं नाव सांगत नाही, कानसेन म्हणतो. कानसेन आवाज ऐकत नाही, आवाजाची चव घेतो. "ह्याचा मिडरेंज बघ कसा लोण्यासारखा आहे," असं तो म्हणतो आणि खरोखर जीभ टाळ्याला लावतो. त्यानं मला शिकवलं की नव्या यंत्रांचा आवाज कोरडा, सत्तरच्या दशकातल्या यंत्रांचा उबदार. उबदार हा शब्द त्यानं इतक्या वेळा वापरला की मला भर मे महिन्यात अंगावर शाल घ्यावीशी वाटायला लागली.

अभ्यासात मात्र एक गोष्ट खरोखर मजेची निघाली, ती वॉटची. अमेरिकेत एके काळी अ‍ॅम्प्लिफायरवर कंपन्या मनाला येईल तेवढे वॉट छापत. क्षणभर मारलेली उसळी मोजायची, दोन्ही बाजूंची बेरीज करायची, आणि वर थोडं कौतुकाचं घालायचं. आपल्याकडे मुलाचा पगार सांगतात तसं. १९७४ साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं नियम केला. आधी यंत्र तासभर एक तृतीयांश ताकदीवर चालवून तापवा, मग दोन्ही बाजू एकदम चालू ठेवून, आवाज किती फाटतो तेही सांगून, सलग निघतील तेवढेच वॉट छापा. झालं, कंपन्यांना आता खरेच वॉट द्यावे लागणार होते. आतले ट्रान्सफॉर्मर फुगले, उष्णता बाहेर टाकायचे अ‍ॅल्युमिनियमचे पंख वाढले आणि जपान्यांत जुंपली. पायोनियरच्या १९७६च्या एसएक्स-१२५० मध्ये दर बाजूला १६० वॉट. दोनच वर्षांनी एसएक्स-१९८० आला, २७० वॉटचा. वजन पस्तीस किलो! म्हणजे गोठ्यात नुकतं जन्मलेलं वासरू.

आणि हे सगळं कशासाठी, तर वॉट दुप्पट झाले की आवाज वाढतो तीन डेसिबल. कानाला जेमतेम कळेल इतका. आमच्या दहा बाय चौदाच्या हॉलमध्ये दोन-चार वॉटांतच खालचे बिऱ्हाडकरू काठीनं छत ठोकतात. पगार दुप्पट झाल्यावर सुखात जेवढी वाढ होते तेवढीच ही, असं मी बायकोला समजावलं. "मग निम्म्या पगाराचा घ्या," ती म्हणाली.

तिला पटावं म्हणून मी सॉल मरँट्झची गोष्टही सांगून पाहिली. न्यूयॉर्कचा हा हौशी माणूस. यानं आपल्या मर्क्युरी मोटारीतला रेडिओ उपटून काढला आणि घरात बसवला. त्या खटाटोपातून एकेक यंत्र स्वतः बनवत गेला, आणि त्यातून मरँट्झ कंपनी उभी राहिली. बायकोनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आपल्याकडे अ‍ॅक्टिव्हा आहे. तिला रेडिओ नाही. सुटलो."

खरेदीसाठी मी मुंबईला चोरबाजारात गेलो. पुण्याचा जुना बाजार घरापासून दहा मिनिटांवर, पण कानसेनचं मत पडलं की पुण्यात भाव माहीत असलेले लोक फार आहेत. मला भाव माहीत नव्हता, त्यामुळे मुंबई बरी. निघताना त्यानं मला कागदावर नऊ मुद्द्यांची यादी करून दिली. दोन्ही स्पीकर वाजवून बघ. प्रत्येक बटण फिरवून खरखर येते का बघ. मागची पाटी वाच. एफएम लावून बघ. जळका वास येतो का बघ. वगैरे. यादी मी शर्टाच्या खिशात ठेवली, चष्म्याच्या मागे.

दुकान अंधारं होतं. ग्रामोफोनचे कर्णे, जहाजावरची घड्याळं, एका फळीवर चार रिसीव्हर. दुकानदारानं मधल्याकडे बोट दाखवलं. "ये लेलो साहब. एक्स्पोर्टवाला नहीं है. जापान का माल, जापान के लोगों के लिए बनाया हुआ."

मी भारावलो. जपान्यांनी जगाला विकायला एक बनवलं आणि स्वतःसाठी एक ठेवून घेतलं, ते हे! रत्नागिरीतला आंबेवाला घरासाठी वेगळी पेटी काढून ठेवतो तशी. त्या माणसानं मला एक अक्षरही खोटं सांगितलं नाही, हे आज मी शपथेवर सांगेन. सगळं खरं सांगून फसवणूक झालेली माझ्या बँकेतल्या नोकरीतसुद्धा मी पाहिली नव्हती.

त्यानं गल्ल्याखालच्या कुठल्याशा डब्यात वायर खुपसली, खटका दाबला. काच उजळली. निळसर हिरवी, पाण्याखालून दिवा पाहावा तशी. मी मनात मोजू लागलो. एक. दोन. तीन.

टक.

यादी खिशातच राहिली. त्यानं मोबाइल जोडून एक गाणं लावलं, ते कुठलं होतं हेही मला आठवत नाही. त्यानं सोळा हजार सांगितले. कानसेननं बजावलं होतं की निम्म्यापासून सुरुवात कर. मी जोरात म्हणालो, "पंधरा!" दुकानदाराला माझी दया आली असावी. त्यानं वायर फुकट दिली.

परतीला डेक्कन क्वीन. पाच दहाला गाडी सुटली तेव्हा मी रिसीव्हर फळीवर टाकायला उचलला, तर पासवाल्यांनी वर पाहून एकमुखानं नको म्हटलं. मग मांडीवर. दादरपर्यंत ठीक होतं. कर्जतला समोरच्या एकानं विचारलं, "काका, हे सपाट आहे का वरून?" सपाट होतं. त्यांनी त्यावर वर्तमानपत्र पसरलं, आणि गाडी घाट चढून लोणावळ्याला लागेपर्यंत माझ्या मांडीवर रमीचा डाव चालला. मला पानं वाटली नाहीत. पुण्याला उतरल्यावर पाहिलं तर पँटवर रबरी पायांचे चार गोल उमटले होते, त्वचेवरचे आठवडाभर राहिले.

तर अशा रीतीनं मी दारात उभा होतो.

रात्री जेवायलाही न थांबता मी जोडणी सुरू केली. प्लगला दोन चपट्या पिना. आमच्या एक्स्टेन्शन बोर्डाची भोकं उदार, कुठल्याही देशाचा प्लग पोटात घेतात. मी खुपसणार एवढ्यात लेक मागून वाकून पाटी वाचत म्हणाली, "बाबा, इथे शंभर व्होल्ट लिहिलंय. आपल्याकडे दोनशेतीस येतात." इंजिनिअरिंगच्या फीचा हा पहिला परतावा.

दुसऱ्या दिवशी बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेलो. ट्रान्सफॉर्मरवाल्यानं विचारलं, "किती व्हीएचा?" मी म्हटलं, "चांगला द्या." त्यानं माझ्याकडे पाहिलं, पाटीचा फोटो पाहिला, आणि म्हणाला, "शंभर व्होल्टचा गुंडाळावा लागेल. शनिवारी या. एकशेदहाचा तयार आहे." त्या दिवशी मंगळवार होता. त्या काचेसाठी मी अडतीस वर्षं थांबलो होतो. शनिवारपर्यंत थांबवेना. एकशेदहाचा उचलला. दहानं काय होतंय!

घरी आल्यावर सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं, ट्यूब बंद केली, खटका दाबला. काच उजळली. टक झालं. मी काकांच्या थाटात मोठं बटण दोन बोटांनी ढकललं. काटा तसाच, तसाच लांब श्वासासारखा सरकला. आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत फक्त 'खस्स्स' आवाज आला, कढईत मिरच्या पडल्यासारखा.

"अँटेना," मी म्हटलं.

चार दिवस अँटेना. इंग्रजी टी आकाराची पट्टीची वायर आधी पडद्याच्या दांडीला बांधली, मग कपाटावर, मग बाल्कनीत कपडे वाळत घालायच्या दोरीला. एकदा ती हातात धरून मी खुर्चीवर उभा राहिलो आणि बायकोला बटण फिरवायला सांगितलं. मधल्या आळीत नवी इमारत उठली होती, तिच्यावर ठपका ठेवला. गच्चीवर खांब लावू द्यावा म्हणून सोसायटीला अर्ज केला. सेक्रेटरींनी वरच्या मजल्यावरच्या चारही बिऱ्हाडांचं ना हरकत पत्र मागितलं. त्यातली तीन मी मिळवलीसुद्धा.

चौथ्या दिवशी लेक कॉलेजला निघाली होती. चपला घालता घालता काचेकडे पाहून म्हणाली, "बाबा, नव्वदनंतर आकडेच नाहीयेत."

मी चष्मा लावून पाहिलं. ७६, ७८, ८०, असं करत ९०. पुढे लाकूड.

काच मी पाहिली होती. काचेवरचे आकडे पाहिले नव्हते.

जपानात एफएम ७६ ते ९० मेगाहर्ट्झमध्ये चालायचं. त्याच्या वरची जागा त्यांनी टीव्हीच्या पहिल्या तीन चॅनेलांना दिली होती. आपल्याकडे एफएम ८८ ते १०८. जपानच्या लोकांसाठी बनवलेला, म्हणजे हे. पुण्यातली मोठी स्टेशनं कुठून सुरू होतात? ९१.१. पुढे ९८.३, आकाशवाणीचं १०१. एक वाजता बंद होणाऱ्या दुकानाशी एक वाजून एक मिनिटानं पोचण्यात ज्याचा जन्म गेला त्या पुणेकराला या १.१ मेगाहर्ट्झचं दुःख समजावून सांगायला नको. काटा अगदी टोकाला, लाकडाला टेकवून धरला की कधीमधी ९१.१ वरची बाई दूर कुठेतरी विहिरीतून हसल्यासारखी हसायची. ती मला हसतेय असं वाटून मी काटा मागे घ्यायचो.

कानसेनला फोन केला. तो म्हणाला, "एफएम कोण ऐकतं रे? ही एलपी ऐकायची यंत्रं." माझ्याकडे टर्नटेबल नव्हतं. ते वेगळं प्रकरण आहे आणि वेगळं कर्ज. तेव्हा रिसीव्हरच्या मागे एक वायर घालून मी मोबाइलवरचे कुमार गंधर्व ऐकू लागलो. सतरा किलोचं, चाळीस वर्षांचं जपानी यंत्र माझ्या पाव किलोच्या फोनची चाकरी करू लागलं. पण खरं सांगतो, आवाज छान होता. कुमारांचा स्वर हॉलच्या मधोमध उभा राहायचा. खरखर मात्र यायची, व्हॉल्यूम फिरवला की. आत कार्बनच्या पट्टीवर धूळ बसते. तिच्यासाठी कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मिळतो. तो आणायला जायचा मला कंटाळा आला, आणि शिलाई मशीनचं तेल घरात होतं.

खरखर थांबली. आठवड्यानं परत आली, भावंडं घेऊन.

डिसेंबर उजाडला. त्या वर्षी पुण्यात थंडी चांगली पडली. बाकीच्या घरांत दही लागेना, पोळीबरोबर दूधच खावं लागतंय म्हणून बायका जिन्यात तक्रार करत. आमच्याकडे रोज सुरीनं कापावं असं दही. मी दोन वाट्या खाऊन आईच्या विरजणाचं कौतुक करायचो. ती फक्त म्हणायची, "जागा चांगली सापडली आहे."

अशात एका रविवारी कानसेन आणखी दोन कानसेनांना घेऊन ऐकायला आला. मी दिवे मालवले. चहा झाला. किशोरीताई लावल्या. तिघे डोळे मिटून, माना तिरक्या करून बसले. पाचेक मिनिटांनी एकानं भुवई उचलली. तार सप्तकात काहीतरी आहे म्हणाला. दुसऱ्यानं पुन्हा लावायला सांगितलं. वरच्या षड्जाला स्वराभोवती एक बारीक झिणझिण येत होती खरी. मलाही ऐकू आली. "टॉपला जरा हार्श आहे," कानसेननं निदान केलं. "जुने कंडेन्सर सुकलेत. सगळे बदलून घे. साताठ हजारांत होईल." तिघांनी कोणत्या कंपनीचे कंडेन्सर चांगले यावर अर्धा तास वाद घातला. एकाला पितळी झाक वाटत होती, दुसऱ्याला चंदेरी.

दुसरा म्हणत होता ते बरोबर होतं. स्टीलची होती. आई स्वयंपाकघरातून आली, अंधारात चाचपडत रिसीव्हरच्या डोक्यावरची झाकणी उचलली, आत बोट घालून पाहिलं आणि म्हणाली, "अजून तासभर. हळू वाजवा जरा, पाणी सुटतं."

झिणझिण थांबली. किशोरीताई स्वच्छ झाल्या. कुणी काही बोललं नाही. जाताना तिघांना आईनं ताक दिलं.

मी मात्र रात्री पेटीवर हात ठेवून पाहिला. उबदार म्हणजे किती उबदार? दोन मिनिटं हात ठेवला तर काढावासा वाटेल इतका. आठवड्याभरात डावा स्पीकर अधूनमधून मुका व्हायला लागला. व्हॉल्यूम जोरात पिळला की दचकून जागा व्हायचा. मग काचेमागच्या चार दिव्यांपैकी दोन गेले. अर्धी काच अंधारात, अर्धी निळी. ७६ ते ८३ चालू, पुढचं जपान झोपलेलं.

रास्ता पेठेत एक म्हातारे मेकॅनिक आहेत असं कळलं. रिक्षात घालून नेला. त्यांनी झाकण उघडलं, नाक जवळ नेलं आणि विचारलं, "शिवणकाम कोण करतं घरात?"

मी गप्प.

"फ्यूजला सिगारेटच्या पाकिटातली चांदी पण तुम्हीच गुंडाळली?"

ती माझी नव्हती. आधीच्या कुणाची होती. पण शिलाई मशीनच्या तेलानंतर माझ्या शब्दाला तिथे किंमत उरली नव्हती. गृहस्थांनी चांदी चिमट्यानं सोलून काढली आणि माझ्या हातावर ठेवली. फ्यूज जळायच्या ऐवजी आता घर जळलं असतं, म्हणाले. मग 'टक' वाजवणारी ती डबी दाखवली. तिला रिले म्हणतात. खटका दाबल्यावर आतली वीज स्थिरस्थावर होईपर्यंत ती स्पीकर तोडून ठेवते, सगळं ठीक आहे अशी खात्री झाली की जोडते. माझ्या बालपणाची मोजलेली तीन सेकंदं म्हणजे एका पहारेकऱ्याची खातरजमा होती. चाळीस वर्षांत त्या डबीतले चांदीचे ठिपके काळे पडले होते, म्हणून डावा स्पीकर मुका. त्यांनी माझंच बँकेचं व्हिजिटिंग कार्ड मागितलं, त्याची बारीक पट्टी कापली, ठिपक्यांच्या मधून हलकेच चार वेळा ओढली. पट्टीवर काळी रेघ उठली. डावा स्पीकर खणखणीत. माझ्या हुद्द्याचा एवढा थेट उपयोग मी प्रथमच पाहत होतो.

"कंडेन्सर?" मी विचारलं.

मीटर लावून पाहिलं त्यांनी. "शाबूत आहेत. तुम्हाला बदलायचेच असतील तर बदलू, पण कशाला?" मग ट्रान्सफॉर्मर किती व्होल्टचा आहे ते विचारलं. एकशेदहा म्हटल्यावर त्यांनी डोळे मिटले. दहा व्होल्ट जास्त म्हणून पेटी तापते, आणि काचेमागचे बल्ब तर असल्या जादा दाबानं पटापट मरतात. एलईडी टाकू का, असं मी विचारलं. म्हणाले, "टाका. मेडिकलच्या दुकानासारखा दिसेल." त्या निळ्या रंगाला मागून पिवळाच दिवा लागतो, पांढऱ्यानं सगळा रंग विटतो. त्यांनी त्यांच्या डब्यातून जुन्या पद्धतीचे चार बल्ब शोधून बसवले. सगळ्याचे मिळून साडेसातशे रुपये. मग चालतंय का ते बघायला त्यांनी एक खटका एएमवर ढकलला आणि काटा फिरवला. दुकानात आकाशवाणी पुणे बोलायला लागलं. ७९२ किलोहर्ट्झ.

चार महिने तो खटका माझ्या नाकासमोर होता.

येताना तपकीर गल्लीतून शंभर व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर गुंडाळायला टाकला आणि शनिवारपर्यंत थांबलो. नवा जोडला. कानसेनला मुद्दाम बोलावून ऐकवलं, काही न सांगता. तो म्हणाला, "वा! कंडेन्सर बदललेस ना? ऊब टिकून आहे बघ." दोन दिवसांनी आईनं विचारलं, "रेडिओला काय केलंस? दही पूर्वीसारखं लागत नाही." दहा व्होल्टांचा फरक कानसेनला कानानं कळला नाही. ऐंशी वर्षांच्या बाईला दह्यात कळला. ती आता भांड्याला टॉवेल गुंडाळते. त्यामुळे झाकणीही वाजत नाही.

पण घरी ७९२ लागेना. म्हणजे लागे, पण त्यावर भुंग्यांचं मोहोळ बसलेलं. मी पुन्हा त्या चौथ्या बिऱ्हाडाच्या ना हरकत पत्राकडे वळणार होतो, तेवढ्यात संध्याकाळी लेकीनं तिच्या खोलीतला दिवा घालवला आणि मोहोळातले निम्मे भुंगे उडाले. एलईडी दिव्यांच्या पोटातल्या चिपट्या विजेचे इतके बारीक तुकडे करतात की त्यांची कुरकूर मध्यम लहरीवर ऐकू येते. मग मी घरभर फिरलो. स्वयंपाकघरातला दिवा बंद. मोबाइलचे चार्जर काढले. इंटरनेटचा डबा बंद, त्यावर लेकीची आरडाओरड. शेवटी देवघरातली चिनी दिव्यांची माळ काढली आणि एकदम, समोरच्या खुर्चीत बसल्यासारखा, निवेदक बोलायला लागला.

आता घरात अंधार. फक्त हातभर निळी काच, आणि तिच्या उजेडात आई, पाय वर घेऊन बसलेली. पुढे बायको आणि वैतागलेली लेक. मीही नकळत उंबऱ्याशीच बसलो होतो.

"पुणं लागतं होय ह्यात?" आई म्हणाली. "मग चार महिने काय शोधत होतास?" थोड्या वेळानं स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "गीतरामायण ह्याच केंद्रावर लागायचं पहिल्यांदा. पंचावन्न साली. वाड्यात एकच रेडिओ, अख्खा वाडा गोळा व्हायचा. हार घालायचे रेडिओला."

संध्याकाळच्या बातम्या संपल्या, मग शेतकऱ्यांसाठी हवामान, मग कुणाचं तरी नाट्यसंगीत. आवाज किंचित घोगरा झाला. काटा केसभर सरकवला की नीट होईल असं वाटून मी पुढे झालो आणि दोन बोटं बटणाकडे नेली.

"हात लावू नकोस," आई म्हणाली. "दही हलेल."